प्रिव्ह्यूमधली पंचफुलाबाई

आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही 'विश्वास बसला' असं मी म्हणणार नाही. आमच्या नालवाडीच्या गल्लीत कुणाच्या घरचा दिवा आपोआप विझला तरी लोक माझ्यासमोर त्याचा विषय काढत नाहीत, कारण मी लगेच वायरिंग तपासा म्हणते. सासूबाई म्हणतात, हिच्यापुढे देव उभा राहिला तर ही त्यालाही आधार कार्ड मागेल. तर अशा बाईनं इथं येऊन हे लिहावं... मलाच कसंतरी होतंय. पण गेल्या उन्हाळ्यापासून हे डोक्यातून जात नाही. ज्यांना कॅमेऱ्यातलं कळतं त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि माझी चूक दाखवा. चूक सापडली तर मला आनंदच होईल.

घराच्या पुढच्या खोलीतच आमचा स्टुडिओ आहे. नवरा, नितीन, लग्नं शूट करतो. कॉम्प्युटर माझ्याकडे - फोटो निवडणं, रंग, अल्बम, सगळं.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. नितीन फोटो 'रॉ'मध्ये काढतो. रॉ म्हणजे सेन्सरवर जे पडलं ते सगळं, कच्चं. मळलेली कणीक म्हणा, पोळी अजून व्हायचीय. पण त्याच फाईलच्या पोटात कॅमेरा एक छोटासा तयार फोटोही ठेवून देतो, त्याला प्रिव्ह्यू म्हणतात. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपल्याला दिसतो तो हाच. क्लिक एकच, क्षण एकच. एक कच्चा माल आणि एक त्याचीच छोटी तयार प्रत.

माझ्याकडे दोन सॉफ्टवेअर आहेत. एक फक्त प्रिव्ह्यू दाखवतं. ते पळतं, म्हणून निवड मी त्यात करते. दुसरं एडिटिंगचं. ते फाईल उघडताना आधी क्षणभर प्रिव्ह्यूच दाखवतं, एक चाक फिरतं, मग रॉ वाचून स्वतःचं चित्र समोर आणतं. तेव्हा रंग जरा फिके होतात, सावल्या मोकळ्या होतात. हे रोजचंच आहे. आणि अल्बम देऊन झाला की जागा वाचवायला मी सगळ्या फाईली डीएनजी या फॉरमॅटमध्ये बदलते आणि मूळ रॉ काढून टाकते. या बदलात जुना प्रिव्ह्यू जातो, रॉवरून नवा तयार होतो. एरवी त्यानं काहीच बिघडत नाही, मी वर्षानुवर्षं हेच करतेय.

मे महिना होता. वर्ध्याचा मे, म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. नितीन केळझरला एका जोडप्याच्या प्री-वेडिंग शूटला गेलेला. कूलरच्या घरघरीत मी एक अल्बम लावत बसले होते, तेवढ्यात वैशालीताई आल्या. आंजी (मोठी) गावच्या. हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. पिशवीत तोच अल्बम होता. चेहरा इतका उतरलेला की मी काही विचारायच्या आत समजले.

"आई गेली, ताई," त्या म्हणाल्या. "झोपीतच गेली. तेरवी आली आता, अन् लावाले फोटो नाई."

"एकही नाही?"

"आधारवरचा लावला होता. माह्यी पोरगी म्हणे, हे आजी नाई होय." त्या जरा हसल्या आणि लगेच डोळे पुसले. "मोबाईलमंधी पाहा तं सगळ्यायच्या मोबाईलमंधी तिची पाठ. तुमच्या या मोठ्या फोटोतही तोंड फिरवून हाय. तुम्ही तं लई काढले होते ना व? दुसरा एखादा असन."

अल्बम उघडून त्यांनी मला दाखवला. स्टेजवर सगळं घर उभं. मधे नवरा-नवरी, आणि नवरदेवाची आई पंचफुलाबाई शेवटच्या टोकाला. मान भिंतीकडे, पदर गालावर. मला आठवलं, अल्बम लावताना मी चिडले होते. मुलाच्या लग्नात आईनं असं उभं राहायचं? निवडताना मी नवरा-नवरीकडेच बघते, पण एडिटिंगमध्ये सगळे फोटो तसेच दिसले, म्हणून त्यातला त्यात बरा घेतला होता.

"त्यांना फोटोची भीती होती का?" मी विचारलं.

"भीती नाई. कोड होतं तिले. गालावर अन् हनोटीवर. माह्या वेळी पाह्यले आलेले पाहुणे तिले पाहून चहा न पिता उठले. तवापासून कोनी आलं का ती सयपाकघरात. पदर असा समोर." वैशालीताईंनी ओढणी गालावर ओढून दाखवली. "माह्या लग्नाच्या अल्बममंधी हळदीच्या फोटोत एक हात हाय. बांगड्यायवरून वयखतो आम्ही. तेवढीच आई."

मी म्हटलं, "बसा, सगळे काढून बघू."

निवडीचं सॉफ्टवेअर उघडलं, त्यांचं फोल्डर उघडलं. मूळ रॉ अजून तसेच होते. डीएनजी करायच्या यादीत हे फोल्डर केव्हाचं लागलेलं, पण उन्हात कॉम्प्युटर तापून बंद पडत होता म्हणून मी ते काम पुढं ढकलत आले होते. ग्रुपचे फोटो एकेक पुढं नेत गेले. पाठ. पदर. अर्धा कान. पाठ. आणि मग एक फोटो आला.

पंचफुलाबाई समोर बघत होत्या. पदर डोक्यावर होता, पण चेहरा पूर्ण उघडा. डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत पांढरा डाग. आणि हसत होत्या, ओठ मिटून, कुणीतरी आपलं माणूस दिसल्यावर हसतात तसं.

"अवं माय..." वैशालीताईंनी तोंडावर हात ठेवला. "हीच तं आई."

मला आनंद झाला, आणि स्वतःचा रागही आला. इतका चांगला फोटो मी अल्बमला घेतला कसा नाही? म्हणून नंबर बघितला. आणि अल्बमच्या फोटोचा नंबर काढला.

एकच नंबर. एकच फाईल.

मी अल्बम ओढून स्क्रीनच्या शेजारी धरला. पुढं बसलेल्या पोराचं बोट नाकात, दोन्हीकडे. नवरीच्या केसातून निसटलेली एक बट, दोन्हीकडे. मामांचे डोळे अर्धे मिटलेले, दोन्हीकडे. सगळं तंतोतंत तेच. फक्त टोकाची बाई अल्बममध्ये भिंतीकडे बघत होती आणि स्क्रीनवर आमच्याकडे.

'काहीतरी घोळ आहे,' मी मनात म्हटलं, आणि फाईल एडिटिंगमध्ये उघडली. क्षणभर तोच हसरा चेहरा होता. चाक फिरलं. रंग जरा फिके झाले... आणि पंचफुलाबाईंची मान भिंतीकडे होती. हलताना काही दिसलं नाही. आधी चेहरा होता, मग पदर होता.

वैशालीताईंची खुर्ची मागं सरकली. "ताई, तिनं तोंड फिरवलं."

"नाही हो, सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल..." मी बंद केलं, पुन्हा उघडलं. चेहरा, चाक, पदर. पुन्हा केलं. माझा हात थांबेना. मला दर वेळी वाटायचं, या खेपेला नीट येईल.

त्यांनी माझं मनगट धरलं. "नका करू व. दर खेपी मले पाहून तोंड फिरवून राह्यली ती. नाई पाहवत."

मी कॉम्प्युटर बंद केला. 'उद्या या, मी चेहरा काढून देते' असं तोंडानं म्हटलं. काय काढून देणार होते, देव जाणे.

त्या गेल्यावर मी कामाला लागायचा प्रयत्न केला. एका बारशाचा अल्बम अर्धा पडला होता. दोन पानं लावली की उठायचे, पाणी प्यायचे, परत येऊन तीच फाईल उघडायचे. लॅपटॉपवर उघडली, तेच. तिसऱ्याच एका सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेच. प्रिव्ह्यू फाईलच्या पोटातून काढून वेगळा जेपेग केला, तो राहिला. हसरा, उघडा, जसाच्या तसा. म्हणजे मला भास होत नव्हता. पण याचा अर्थ एकाच क्लिकला ती बाई दोन्हीकडे बघत होती, आणि हे मान्य केल्यावर मला त्या खोलीत बसवेना. कूलर बंद करून बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले, भर उन्हात.

नितीन आला तो आधी हसला. "पागल झाली का? दोन फोटो असन ते."

"दोन नाहीत. स्वतः बघा."

त्यानं बघितलं. फाईल उघडली, बंद केली, परत उघडली. कॅमेरा आणून त्याचे सगळे मोड तपासले. दोन क्लिक एकत्र करायची सोय त्या कॅमेऱ्यात नाहीच. फाईल खराब झाली असेल म्हणावं तर खराब फाईल गुलाबी पट्टे दाखवते, अर्धा फोटो कापते. ती कुणाला हसवत नाही.

"मले आठवते न हा फोटो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी क्लिक केलं अन् त्यायनं तोंड फिरवलंच होतं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, या बाईचा येत नाई. खरं तं ते रॉमधलं आहे. मंग हे कुठून आलं?"

मग म्हणाला, डीएनजी करून पाहू. मूळ फाईलची एक नक्कल घेऊन मी ती बदलली. नवीन फाईल झाली, तिचा नवीन प्रिव्ह्यू झाला, आणि त्यात पंचफुलाबाई भिंतीकडे. चाक फिरायच्या आधीही, नंतरही. चेहऱ्याचा मागमूस नाही.

तेव्हा लक्षात आलं. ऊन जरा कमी असतं, कॉम्प्युटर नीट चालत असता, तर मी त्या फोल्डरचं कधीच डीएनजी करून मूळ फाईली पुसल्या असत्या. वैशालीताई आल्या असत्या आणि मी त्यांना सगळ्या पाठी दाखवून परत पाठवलं असतं. कुणाला कळलंही नसतं की काही होतं. मला भुताची भीती नाही वाटली त्या दिवशी. या गोष्टीची वाटली.

आता खरी अडचण ऐका. तेरवीला लावायचा फोटो मोठा लागतो. मोठा करायचा तर रॉ हवा, त्यातच सगळा बारकावा असतो. पण रॉमध्ये चेहरा नाही. चेहरा प्रिव्ह्यूमध्ये, आणि या कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू इतका लहान की सगळ्या घरादाराच्या त्या फोटोत एकट्या पंचफुलाबाईंचा चेहरा नखाएवढा येतो. ताणला की नुसते चौकोन.

मी हार मानणाऱ्यातली नाही. एआयवर फोटो मोठा करून देणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात टाकला. छान मोठा, गुळगुळीत चेहरा आला. दुसऱ्या दिवशी वैशालीताई आल्या तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कोन हाय?"

"आई तुमची. मोठा केलाय."

"डाग कुठं गेला?"

मी बघितलं. खरंच, डाग नव्हता. त्या सॉफ्टवेअरला तो डाग म्हणजे खराबी वाटली असणार, त्यानं पुसून टाकला होता. नाकही जरा सरळ केलं होतं. कुणीतरी सिरियलमधली सासू दिसत होती. मी घाईघाईनं म्हटलं, "थांबा, मी हातानं परत काढते," आणि ब्रश घेतला.

"नका काढू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी ब्रश सोडला. "बाहीरच्या लोकायसाठी तिनं जनमभर लपवला तो. आमच्यासमोर कधीच नाई लपवला. आम्ही तं त्या डागावर मुके घेत होतो व तिचे. आता भितीवर तरी राहू द्या तिले घरच्यावानी. तुमी काढलेला डाग नको, तिचा द्या."

"मग एवढाच मिळेल." मी बोटांनी दाखवलं. "पासपोर्ट फोटोपेक्षाही लहान. याच्यापुढं फाटतो."

"एवढासाच द्या."

मी प्रिव्ह्यूमधला तो तुकडा कापून समोर ठेवला. काही हात न लावता. वैशालीताई स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर दिसायला लागला.

"ती कॅमेऱ्याकडं नाई पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "जरा बाजूले पाहून राह्यली."

खरं होतं ते. नजर किंचित डावीकडे होती. नितीन दारात उभा होता. तो म्हणाला, "माझ्या बाजूले तं तुम्हीच होत्या न, ताई. मले लागूनच. 'आई, इकडं पाय, आई, इकडं पाय' म्हणून वरडत होत्या."

मला वाटलं त्या रडतील. पण आधी सगळं बाहेर आलं. "अन् तिनं पाह्यलंच नाई. एका फोटोसाठी एवढी इनवनी केली मी. मले इतका राग आला का त्या दिवशी मी तिच्यासंगं जेवाले बसली नाई. रुसून मामीच्या पंगतीत बसली. ती मांग मांग आली, 'वैशे, जेव ना व माह्यासंगं,' म्हणे. मी नाई जेवली." आणि मग त्या रडल्या. मी पण रडले, सांगायला लाज वाटत नाही. नितीन पाणी आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आतच राहिला.

तेरवीला आम्ही दोघं आंजीला गेलो. भिंतीवर चांगली मोठी फ्रेम होती, आत सगळा पांढरा कागद आणि बरोबर मधे तो एवढासा फोटो. लांबून काहीच दिसत नव्हतं. आल्या आल्या लोक कुजबुजत होते, असा काय फोटो लावला म्हणून. मग एकेक जण जवळ जायचा, वाकायचा आणि तिथंच थबकायचा. शेजारची एक म्हातारी काठी टेकत गेली, खूप वेळ वाकून उभी राहिली. मागं फिरली तेव्हा म्हणाली, "भितीले भीत लागून घर आपलं. अन् पंचफुलीचं तोंड आज पुरं पाह्यलं बाई मीनं."

नंतर मी हे सगळं फोटोग्राफीच्या एका ग्रुपवर टाकून पाहिलं. कुणी म्हणालं फाईल करप्ट, कुणी म्हणालं कार्ड खराब, एकानं हसण्याचे चेहरे टाकले. मूळ फाईल मागून घेतलेल्या एकानं मात्र पुन्हा काही लिहिलंच नाही. डीएनजी करणं मी तेव्हापासून बंद केलंय. हार्ड डिस्का वाढत चालल्यात, नितीन त्यावर काही म्हणत नाही. ती फाईल कधीतरी दुपारी उघडते. चाक फिरायला लागलं की लगेच बंद करते.

वैशालीताईंनी मूळ फाईल मागितली होती, मोबाईलमध्ये ठेवायला. पाठवली. परवा त्यांचा फोन आला.

"ताई, माह्या मोबाईलमंधी ती तोंड फिरवत नाई. मी उघडते, बंद करते, झोपीतून उठून पाह्यते. माह्याकडंच पाहून राह्यते."

याचं कारण मला माहीत आहे, आणि मी ते सांगितलंही. त्यांचा फोन साधा आहे. त्याला रॉ वाचता येत नाही, म्हणून तो फक्त पोटातला प्रिव्ह्यू दाखवतो. भारी फोन असता तर त्यानं रॉ वाचला असता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ नवा मोबाईल घेऊन देतो म्हणे. नाई म्हनते त्याले."

फोन का दाखवतो ते मी सांगू शकते. कॅमेऱ्यात तो चेहरा आला कुठून, ते नाही. नितीन शपथेवर सांगतो की त्या क्षणी त्या भिंतीकडेच बघत होत्या, आणि रॉ त्याच्या बाजूनं आहे. मी वैशालीताईंना शेवटी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी कुणाला असं काही विचारीन असं मला स्वतःला कधी वाटलं नव्हतं.

"तिले लोकायपासून तोंड लपवाचं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "अन् मी हाक मारून राह्यली होती."